रोगमुक्त, रोगप्रतिरोधक आणि नुसतं जगलेलं : कोळंबीच्या संशोधनातला शब्दांचा घोळ



पेट पास झाली की पुढची धावपळ सगळ्यांची सारखीच असते : विषय शोधा, गाईड शोधा, सिनॉप्सिस लिहा. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि मत्स्यविज्ञान केलेल्या मुलामुलींच्या याद्यांमध्ये एक विषय हमखास सापडतो : ‘कोळंबीमधील विषाणूजन्य रोगांविरुद्ध प्रतिकारक्षमता’. विषय चांगलाच आहे. पैसा मोठा, नुकसान मोठं, पेपरही भरपूर. पण या विषयावरचं लेखन वाचायला बसलात, की एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो. ‘प्रतिकारक्षमता’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलेला असतो आणि निष्कर्षापर्यंत पोचता पोचता त्या चारही गोष्टी एकच होऊन जातात. आजचा लेख त्या दोषावर आहे. कोणते अभ्यास चांगले, ते का चांगले, आणि कुठे सावध राहायचं, हे नावानिशी पाहू.

तुम्ही म्हणाल, शेंदूरजनाघाटात बसून कोळंबीचं काय? समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या आत कुठेच नाही. खरं आहे. पण हा घोळ समजून घ्यायला आपल्या गावाइतकी सोयीची जागा नाही, असं माझं मत आहे. कारण आपल्याकडे संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत.

जंबेरीच्या खुंटावर किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. आता तीन गोष्टी वेगळ्या करून पाहा. पहिली, रोगमुक्त कलम. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत शेंड्याचा अगदी बारीक भाग घेऊन कलम करतात आणि तपासणी करून विषाणू नसलेले मातृवृक्ष तयार करतात. त्यांच्यापासून केलेलं कलम रोगमुक्त असतं. म्हणजे आज त्यात विषाणू नाही. उद्या बागेत मावा आला आणि ट्रिस्टेझा घेऊन आला, तर त्या कलमाला तो लागू शकतो. दुसरी, सहनशील खुंट. रंगपूर लिंबाच्या खुंटावरच्या झाडात ट्रिस्टेझाचा विषाणू वाढतो, तरी झाड मरत नाही. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकाच्या शेवटी ट्रिस्टेझा पसरला, तेव्हा आंबट संत्र्याच्या खुंटावरच्या बागा गेल्या आणि पुढे रंगपूर लिंबाचा खुंट तिकडे भरवशाचा ठरला. पण तोच खुंट एक्सोकॉर्टिस नावाच्या दुसऱ्या रोगाला नाजूक आहे. तिसरी गोष्ट, खरा प्रतिरोध : विषाणू आत आला तरी त्याला वाढूच न देणं.

रोपवाटिकावाला ‘रोगमुक्त’ म्हणून कलम विकतो, तेव्हा ‘याला कधी रोगच लागणार नाही’ असं तो म्हणत नसतो. कोणी म्हणालाच, तर जुना बागाईतदार त्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही. हे दोन प्रश्न कोळंबीचे पेपर वाचताना मात्र आपण विसरतो.

आधी रोगाची ओळख

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे व्हाइट स्पॉट, हा कोळंबीपालनातला सगळ्यात घातक विषाणूजन्य रोग. १९९२ च्या सुमारास तो तैवान-चीनकडे दिसला आणि १९९४ मध्ये भारतात आला. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची टायगर कोळंबीची शेती त्याने मोडून काढली. तलावात रोग दिसला, की तीन ते दहा दिवसांत जवळपास सगळी कोळंबी मरू शकते. विषाणू डीएनएचा, आकाराने मोठा, सुमारे तीन लाख बेस जोड्यांचा. त्याचा जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : हा विषाणू फक्त कोळंबीचा नाही. खेकडे, गोड्या पाण्यातले झिंगे असे कितीतरी दशपाद प्राणी त्याचे वाहक होऊ शकतात. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येऊ.

दुसरा रोग टॉरा. इक्वेडोरमधल्या टॉरा नदीवरून हे नाव पडलं. १९९२ मध्ये तो तिथे ओळखला गेला. सुरुवातीला सगळ्यांचा संशय केळीच्या बागांत फवारल्या जाणाऱ्या बुरशीनाशकांवर होता. विषाणू हे कारण आहे, हे नंतर सिद्ध झालं. कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

तिसरा रोग आपल्याकडच्या गोड्या पाण्याच्या जवळचा : स्कॅम्पी या मोठ्या झिंग्यातला पांढऱ्या शेपटीचा रोग. १९९७ मध्ये ग्वादलूप बेटावर तो दिसला आणि २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतातल्या हॅचरींमधून नोंदला गेला. यात पिल्लं मोठ्या प्रमाणात मरतात. मोठे झिंगे मात्र विषाणू अंगात घेऊन धडधाकट फिरतात आणि पुढच्या पिढीला तो देतात. आता सांगा, हे मोठे झिंगे रोगप्रतिरोधक म्हणायचे का? ते जगतात, एवढं खरं. पण हॅचरीच्या दृष्टीने तेच सगळ्यात धोकादायक. ‘जगणं’ आणि ‘प्रतिरोध’ यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

पहिला घोळ : एसपीएफ म्हणजे प्रतिरोधक

२००९ पासून भारतात व्हॅनामी कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली. तिचे प्रजनक परदेशातून येतात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात राहतात, तपासले जातात आणि मग हॅचरीत जातात. त्यांच्यावर शिक्का असतो एसपीएफ, म्हणजे ठरावीक रोगकारकांपासून मुक्त. यातला ‘ठरावीक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. यादीत जे रोगकारक आहेत, तेवढेच नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय हा दर्जा त्या बंदिस्त केंद्रापुरता असतो. पिल्लू बाहेर तलावात सोडलं की दर्जा संपला.

तरी प्रबंधांच्या प्रस्तावनेत ‘एसपीएफ व्हॅनामी ही रोगप्रतिरोधक जात असल्याने’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. एसपीएफ बी सोडलेल्या तलावांतही भारतात व्हाइट स्पॉट आलाच. हे वाक्य लिहिणाऱ्याने नागपूरचं रोगमुक्त कलम आणि ट्रिस्टेझा न लागणारं झाड यांत गल्लत केली, असं समजा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य असेल तर आजच खोडा. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक पहिला हात तिथेच घालेल.

दुसरा : टक्केवारी वाचताना

आता एक चांगला अभ्यास घेऊ. हवाईच्या ओशियानिक इन्स्टिट्यूटमधल्या आर्ग्यू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये व्हॅनामीच्या निवड-पैदाशीवर पेपर लिहिला. दोन ओळी तयार केल्या. एकीत निवड फक्त वाढीसाठी. दुसरीत निवडीचं ७० टक्के वजन टॉराविरुद्ध जगण्याला आणि ३० टक्के वाढीला. सोबत निवड न केलेली तुलनेची ओळ.

एका पिढीनंतर टॉराच्या चाचणीत निवडलेल्या ओळीतली सुमारे ४६ टक्के कोळंबी जगली, तुलनेच्या ओळीतली ३९ टक्के. पुढे इतरांच्या लेखनात हा निकाल ‘१८ टक्के वाढ’ म्हणून येतो. हिशोब चूक नाही. ३९ वर ७ म्हणजे सुमारे १८ टक्केच. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय जातं? शंभरातली अठरा जास्त वाचली, असं. वाचली सात. चोपन्न मेलीच. ‘टक्के’ आणि ‘टक्केबिंदू’ यांतला हा फरक तुम्ही प्रत्येक पेपरमध्ये तपासा. बातमीत किंवा अनुदानाच्या अर्जात नेहमी मोठा आकडा येतो.

पण मी या पेपरला चांगला म्हणतो, त्याचं कारण वेगळं आहे. लेखकांनी किंमतही सांगितली. टॉरासाठी निवडलेली ओळ तुलनेच्या ओळीपेक्षा सुमारे ४.६ टक्के लहान भरली, तर फक्त वाढीसाठी निवडलेली ओळ सुमारे २१ टक्के मोठी. कुटुंबांची वाढ आणि टॉरात जगणं यांचा आनुवंशिक संबंध उणे ०.४६ निघाला. म्हणजे जी कुटुंबं रोगात टिकतात, ती वाढीत मागे पडण्याकडे कल. शेतकऱ्याला हे माहीत असणं ‘प्रतिरोध मिळाला’ या बातमीइतकंच गरजेचं आहे. रोग आलाच नाही त्या वर्षी त्याला लहान कोळंबी विकावी लागणार.

तुलनेची ओळ ठेवली, कुटुंबं वेगळी मोजली, तोटा झाकला नाही. या तीन गोष्टी असलेला पेपर छोट्या निकालाचाही मोठा असतो. पुढे अनेक पिढ्या निवड होत गेली, टॉराला तोंड देणारे वाण बाजारात आले आणि त्या रोगाचा धाक बराच कमी झाला. पाया अशा प्रामाणिक सात टक्केबिंदूंचा होता.

तिसरा : एका रोगाचं यश दुसऱ्याला चिकटवणं

टॉरात जमलं, म्हणून व्हाइट स्पॉटमध्येही जमेल, हा तर्क बहुतेक प्रस्तावनांत असतो. कोलंबियातल्या गिटर्ले आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमकं हे तपासलं. व्हाइट स्पॉटच्या बाबतीत हेरिटेबिलिटी फार कमी, शून्याला लागून निघाली. हेरिटेबिलिटी म्हणजे सोप्या भाषेत असं : एका चाचणीत काही कोळंबी जगली, काही मेली. या फरकातला किती भाग आईबापाकडून आलेल्या गुणांमुळे, आणि किती भाग नशीब, पाणी, अंगाला लागलेला विषाणू यामुळे? पहिला भाग नगण्य असेल, तर जगलेल्यांची पिल्लं घेऊन फारसं काही पदरी पडत नाही. शिवाय कापणीच्या वेळच्या वजनाशी आनुवंशिक संबंध इथेही उणेच होता.

हा पेपर वाचून ‘व्हाइट स्पॉटविरुद्ध निवड अशक्य’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तिथेही थांबा. चाचणीत जवळपास सगळीच कोळंबी मरत असेल, तर कुटुंबाकुटुंबांतला फरक दिसणार कसा? सगळ्या वर्गाला शून्य मार्क पडले, तर हुशार कोण हे त्या पेपरवरून कळत नाही, प्रश्नपत्रिका तेवढी कठीण होती एवढं कळतं. म्हणून इथे विचारायचा प्रश्न हा : कमी आलेली हेरिटेबिलिटी कोळंबीची मर्यादा आहे की चाचणीची? फक्त ‘जगली की मेली’ न पाहता किती तासांनी मेली, अंगात विषाणूच्या किती प्रती होत्या, हे मोजलं तर चित्र बदलतं का? हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे आणि यात अजून काम करायला जागा आहे.

चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा : जीन वाढला म्हणजे प्रतिकार वाढला

आता आपल्याकडे होणाऱ्या प्रबंधांकडे येऊ. साचा ठरलेला आहे. एखाद्या वनस्पतीचा अर्क किंवा बीटा-ग्लुकन खाद्यात मिसळायचं. तीस दिवस खाऊ घालायचं. मग रक्तपेशी मोजायच्या, फिनॉलऑक्सिडेज मोजायचं, पेनाइडिन-क्रस्टिन अशा जीनची अभिव्यक्ती पीसीआरवर पाहायची. शेवटी विषाणू किंवा व्हिब्रिओ जिवाणू टोचायचा, दहा दिवस मोजणी करायची आणि निष्कर्षात लिहायचं : ‘प्रतिकारक्षमता लक्षणीयरीत्या वाढली’.

अशा कामाची मी टिंगल करत नाही. तीन-चार वर्षांत, मर्यादित पैशात, छोट्या प्रयोगशाळेत काय होऊ शकतं याचं ते उत्तर आहे. निवड-पैदास करायची तर कुटुंबं सांभाळायला डझनावारी टाक्या लागतात आणि एका पिढीला जवळपास वर्ष जातं. ते एकट्या विद्यार्थ्याला झेपत नाही. पण काम लहान असलं म्हणून दावा मोठा करायची मुभा मिळत नाही. या साच्यात मला पाच छिद्रं दिसतात.

एक, खाद्यामुळे आलेला बदल हा त्या प्राण्याची त्या वेळची अवस्था आहे. तो पिल्लांत जात नाही. त्याला ‘प्रतिरोधक वाण’च्या शेजारी बसवू नका.

दोन, रोगप्रतिकाराचे जीन ताणामुळेही वाढतात. अर्क कोळंबीला मानवला नाही, तरी तेच आकडे येऊ शकतात. ताप आलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणून आपण त्याला तब्येतीने ठणठणीत म्हणत नाही.

तीन, विषाणूच्या प्रती मोजलेल्या नसतात. कोळंबी जगली ती विषाणू रोखून की विषाणू सोसून, हे मग कळणार कसं? पहिली गोष्ट प्रतिरोध, दुसरी सहनशीलता. शेजारच्या तलावासाठी यांचे परिणाम उलटे आहेत. सोसणारी कोळंबी विषाणू पसरवत राहते.

चार, दहाव्या दिवशी मोजणी थांबते. मृत्यू टळला की नुसता लांबला? वक्र अजून खाली येत असताना प्रयोग थांबवला, तर ‘जगली’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

पाच, टाक्या. समजा, एका टाकीत ३० कोळंबी अर्क खाल्लेल्या, दुसऱ्या टाकीत ३० साध्या. पहिल्या टाकीत १८ जगल्या, दुसरीत ९. काय-स्क्वेअर लावला तर पी ०.०५ च्या खाली येतो, सगळे खूश. पण त्या ३० कोळंबी एकाच पाण्यात आहेत, एकमेकींच्या मेलेल्या अंगाचे लचके खातायत, एकीचा विषाणू दुसरीला लागतोय. त्या ३० स्वतंत्र नोंदी नाहीत. तुमचा नमुना ३० नाही, एक आहे. एक टाकी. याला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव दिलं. चाळीस वर्षं झाली, पण हा प्रकार काही थांबला नाही. शेतात एकाच वाफ्याला खत दिलं आणि त्या वाफ्यातल्या तीस रोपांना तीस प्रयोग म्हटलं, तर कृषी विद्यापीठातला कोणी मान्य करेल का?

‘लस’ या शब्दाचंही तेच. कोळंबीत आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. विषाणूच्या व्हीपी२८ या प्रथिनाने काही आठवड्यांपुरतं संरक्षण मिळाल्याचे प्रयोग आहेत आणि ते विचार करायला लावणारे आहेत. पण त्याला सरळ लस म्हटलं, की वाचणारा पोलिओच्या डोसासारखं काहीतरी समजतो.

चाचणीतला थर्मामीटर

पेपर हातात आला, की निष्कर्षाआधी पद्धतीच्या भागात पाण्याचं तापमान शोधा. पाणी सुमारे ३३ अंशांपर्यंत तापवलं तर व्हाइट स्पॉटने मरण्याचं प्रमाण खूप खाली येतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. २७ अंशांवर त्याच कोळंबी पटापट मरतात. आता आपल्याकडची एखादी प्रयोगशाळा एप्रिल-मेमध्ये चाचणी करते, टाकीला थंडाव्याची सोय नाही, आणि ‘अर्काने संरक्षण दिलं’ असा निकाल येतो. संरक्षण अर्काचं की वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचं? तुलनेचा गट त्याच तापमानात असेल तर थोडा आधार मिळतो. पण सगळीच कोळंबी जगत असेल तर मघाचाच प्रश्न उलटा होतो : सगळ्या वर्गाला शंभर मार्क.

तसंच विषाणू दिला कसा, हेही पाहा. स्नायूत टोचला, तर कवच आणि आतडं हे दोन्ही पहारेकरी ओलांडूनच तो आत जातो. तलावात तो तसा येत नाही, खाण्यातून आणि पाण्यातून येतो. आजारी कोळंबीचं मांस खाऊ घातलं, तर कोणी किती खाल्लं हे माहीत नसतं. दोन्ही पद्धतींना बाजू आहेत. लेखकाने निवड का केली आणि विषाणूचं प्रमाण मोजलं का, एवढं लिहिलेलं असायला हवं.

रोग कोणाचा, हेच ठरलेलं नसेल तर

शिंपल्यांकडचं एक उदाहरण देतो, कारण ते विचार करायची सवय लावतं. फ्रान्समध्ये २००८ पासून पॅसिफिक ऑयस्टरची पिल्लं प्रचंड प्रमाणात मरू लागली. ऑयस्टरच्या हर्पिस विषाणूचा एक नवा प्रकार सापडला. तिथे कुटुंबनिहाय निवड चांगली लागू पडली, कारण टिकाव धरण्याचा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक निघाला. पण २०१८ मध्ये द लॉर्जरिल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवलं, की विषाणू आधी ऑयस्टरच्या रक्तपेशींवर हल्ला करून बचाव ढिला पाडतो आणि नंतर शरीरात जिवाणू माजतात. शेवटचा घाव जिवाणूंचा असतो.

मग ‘प्रतिरोधक ऑयस्टर’ नक्की कशाला प्रतिरोधक? विषाणूला, की जिवाणूंना? दोन कुटुंबं सारखीच जगली, तरी त्यांची कारणं वेगळी असू शकतात. प्रयोगशाळेत शुद्ध विषाणू टोचून निवडलेला प्राणी समुद्रात तसाच टिकेल का, हा प्रश्न या एका पेपरने गंभीर केला. मला तो आवडतो, कारण त्याने नवा उपाय विकला नाही, प्रश्न नीट मांडला.

आणि शेताच्या पातळीवरचं उदाहरण म्हणजे इक्वेडोर. १९९९ मध्ये तिथे व्हाइट स्पॉट पोचला आणि निर्यात कोसळली. आज तोच देश जगातल्या सर्वांत मोठ्या कोळंबी निर्यातदारांत आहे. तिथे तलावात रोगातून वाचलेल्या कोळंबीतून प्रजनक निवडत गेले. म्हणून ‘निवडीने रोग जिंकला’ असं ठासून लिहिलं जातं. पण त्याच काळात तिथे तलावात कोळंबी विरळ सोडली जात होती, हॅचरी आणि व्यवस्थापनही बदलत गेलं. कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे तुलनेची ओळ नसताना सांगता येत नाही. देश सावरला हे सत्य. का सावरला, याचं एका वाक्यातलं उत्तर मात्र संशयाने वाचा.

हे आपल्या पोरांना का सांगायचं

कारण दोन ठिकाणी नुकसान होतं. पहिलं तुमचं. चार-पाच वर्षं घालून तुम्ही ‘प्रतिकारक्षमता वाढली’ लिहिता, आणि एखादा परीक्षक विचारतो, ‘टाक्या किती होत्या?’ तिथे बोलती बंद होते. डेटा तेव्हा बदलता येत नाही. हा प्रश्न सिनॉप्सिसच्या वेळी विचारला असता तर टाक्या वाढवता आल्या असत्या.

दुसरं शेतकऱ्याचं. पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी कोळंबीचे तलाव आहेत. हरयाणा-पंजाबात खाऱ्या भूजलावर व्हॅनामी घेतात. आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याकडे पाहून ‘इथेही का नको’ असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. उद्या तिथला माणूस कर्ज काढून तलाव खोदेल, तेव्हा खाद्याच्या पोत्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे, संशोधनाने सिद्ध’ असं छापलेलं असेल. ते ‘सिद्ध’ कुठून येतं? आपल्याच एक टाकी विरुद्ध एक टाकीच्या पेपरांतून.

आणि वर राहिलेला वाहकांचा मुद्दा. व्हाइट स्पॉटचा जिवंत विषाणू प्रयोगासाठी आणणं म्हणजे खेळ नाही. आपल्या नदीनाल्यांत, धरणांत खेकडे आहेत, झिंगे आहेत, त्यावर जगणारे भोई-ढिवर आहेत. टाक्यांचं पाणी निर्जंतुक न करता गटारात सोडणारी प्रयोगशाळा असेल, तर पेपर कितीही चांगला निघो, ते काम होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोय नसेल तर चॅलेंज टेस्ट करू नका. ज्या संस्थेत बंदिस्त सोय आहे, तिथे सहकार्याने करा. मुंबईच्या वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे. नागपूर आणि रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयं आहेत. चेन्नईला खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची राष्ट्रीय संस्था, सीबा, आहे. दारं ठोठवायला लाजू नका.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात लिहा. मी काय मोजणार : रोगमुक्तता, प्रतिरोध, सहनशीलता की तात्पुरती अवस्था? विषाणूच्या प्रती मोजणार का? माझा नमुना प्राणी आहे की टाकी, आणि टाक्या किती? तापमान, विषाणूचं प्रमाण आणि तो देण्याची वाट कोणती, आणि तीच का? मोजणी कधी थांबवणार, आणि ते आधी ठरवलंय का? प्रतिरोध मिळाला तर त्याची किंमत, म्हणजे वाढ, अंडी, दुसरे रोग, यातलं काय तपासणार? सहापैकी दोनांची उत्तरं येत नसतील, तर विषय वाईट नाही, तयारी अपुरी आहे.

आणि प्रयोगशाळा लहान असेल तरी करण्यासारखं बरंच आहे. प्रसिद्ध झालेल्या अर्कांच्या पेपरांत किती जणांनी टाकी हा नमुना धरला, किती जणांनी विषाणू मोजला, याचं पद्धतशीर परीक्षण करा. एकही कोळंबी न मारता यातून चांगला पेपर होतो, आणि तो बऱ्याच जणांना झोंबेल. स्कॅम्पीच्या प्रजनकांमध्ये पांढऱ्या शेपटीच्या विषाणूचं प्रमाण, नमुना नीट काढून, पीसीआरवर पाहा. लक्षणं नसलेल्या वाहकांचा प्रश्न विदर्भातल्या गोड्या पाण्याशी थेट जोडलेला आहे.

पुढच्या वेळी एखाद्या शीर्षकात ‘प्रतिकारक्षमता’ वाचलंत, की रोपवाटिकेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बागाईतदारासारखं विचारा : भाऊ, रोग लागला नाही म्हणता, लागूनही टिकलं म्हणता, की लागूच दिला नाही म्हणता? लेखकाला उत्तर देता आलं तर पेपर पुढे वाचा.

तुमच्या सिनॉप्सिसमधल्या टाक्यांचा हिशोब घालून पाहायचा असेल तर पाठवा, मिळून पाहू.